लॅडी होलुबेक आणि कॅप्टन नॉर्दर

ग्रेंजर गावात दोन प्रकारचे वैमानिक आहेत, असं लॅडी होलुबेक म्हणायचा. एक तो, आणि दुसरे त्याच्या मागे धुरात खोकणारे. गावात दुसरा वैमानिक नव्हताच. कुणी ते दाखवून दिलं की तो शांतपणे म्हणे, "तेच तर. धुरानंच गेले बिचारे."

लॅडीचा धंदा कापसावर औषध फवारण्याचा. वरखाली दोन पंख असलेलं एक जुनं पिवळं विमान, नाकामागे औषधाची टाकी, आणि बसायला एकाच माणसाची जागा. ते विमान तो शेतावरून इतकं खाली न्यायचा की संध्याकाळी चाकांच्या खोबणीत कापसाची बोंडं सापडत. वाटेत विजेच्या तारा आल्या की बाकीचे फवारणीवाले वरून जातात. लॅडी खालून जायचा. शेताच्या टोकाला त्याची बायको अर्लीन पांढरं निशाण घेऊन उभी असे. विमान डोक्यावरून गेलं की ती चार पावलं बाजूला सरकायची, म्हणजे पुढची पट्टी कुठून धरायची ते त्याला वरून कळे. लग्न झाल्यापासून हेच काम. डोक्यावर लॅडीची जुनी हॅट, नाकातोंडाला रुमाल, आणि चेहऱ्यावरून काय चाललंय याचा कधी पत्ता नाही.

एका कोरड्या वर्षी चर्चच्या जत्रेत फादर चर्वेंकांनी सगळ्यांना गुडघ्यावर बसवून पावसासाठी प्रार्थना केली. त्यांनी "आमेन" म्हटलं आणि पेकानच्या झाडांवरून लॅडी आला. टाकीत नुसतं पाणी. पोल्का वाजवायला आलेल्यांची अकॉर्डियनं भिजली, अर्लीननं त्याच सकाळी करून घेतलेली केशरचना भिजली, आणि फादर मात्र डोळे मिटून, हात पसरून तसेच बसून राहिले. थोडा वेळ त्यांना ते खरंच वाटलं होतं. लॅडीला त्यांनी पुढे कित्येक वर्षं माफ केलं नाही ते त्या थोड्या वेळासाठी. टाकी आधी नीट धुतली होती असं लॅडी शपथेवर सांगे. बटाट्याच्या सॅलडला मात्र त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

मी तेव्हा ऑस्टिनमध्ये कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आवाजाचं काम बघायचे. राहायला ग्रेंजरला होते, त्यामुळे लॅडी मला ऐकून, बघून आणि मुख्य म्हणजे माझ्या छपरावरून जाताना ठाऊक होता. आम्ही 'काळी सरहद्द' नावाचा खेळ करत होतो. अंतराळातली लढाई. खेळणारा एका लढाऊ यानात बसणार, शेजारच्या यानात त्याचा जोडीदार असणार, त्याला कॉम्प्युटर चालवणार, आणि दोघांनी मिळून शत्रूला झोडपायचं. जोडीदार तीन होते. एक प्रेमळ, एक नियमानं वागणारी, आणि तिसरा कॅप्टन नॉर्दर. उत्तरेकडून अचानक येऊन गावाला गारठवून टाकणाऱ्या वाऱ्याचं नाव त्याला दिलं होतं. आकाशातला वाघ, पण डोक्यात हवा गेलेली.

अडचण अशी होती की संवाद लिहिणारा टेरेल हा डॅलसच्या एका सभ्य घरातला, आयुष्यात कुणाशी न भांडलेला माणूस होता. त्याचा नॉर्दर उद्धटपणा करायच्या आधी घसा खाकरून परवानगी मागायचा.

यानांच्या इंजिनांसाठी मला खऱ्या विमानाचा आवाज हवा होता, म्हणून मी लॅडीकडे गेले. त्याच्या बसायच्या जागेत एक माईक आणि टेप लावला आणि त्याला बजावलं, "मिस्टर होलुबेक, मला फक्त इंजिन ऐकू यायला हवं. तुम्ही काही बोलू नका."

"पोरी," तो म्हणाला, "मी वर असताना देवाशीसुद्धा बोलत नाही."

टेप परत आल्यावर मी ऐकली. इंजिन होतं, पण ते लॅडीच्या मागे कुठेतरी होतं. पूर्ण वेळ तो बोलत होता. तारांना म्हणत होता, सरका. गिधाडाला म्हणत होता, "उजवीकडून जा रे टकल्या, हा रस्ता माझा आहे." आणि प्रत्येक वळणाला, जिला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं त्या अर्लीनला सांगत होता, "बघितलास हा कोपरा? असा कोपरा कुणी मारला होता का? नाही मारला. कोण मारणार? आहेच कोण?"

टेप वाया गेली म्हणून मी ऑफिसात शिव्या घालत होते. टेरेल दारात येऊन उभा राहिला. त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, मग स्वतःचे लिहिलेले कागद टोपलीत टाकले आणि म्हणाला, "या माणसाला घेऊन ये."

लॅडी इस्त्रीचा शर्ट घालून आला. अर्लीननं कोलाच्यांचा, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावांचा डबा दिला होता, तो त्यानं माईकसमोर ठेवून उघडला, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये नॉर्दर काहीतरी चघळतो आहे. टेरेलनं त्याला पहिली ओळ दिली: "तुम्ही जरा संथ उडत आहात असं मला वाटतं."

लॅडीनं कागद उलटून मागे काही आहे का ते बघितलं. "असं कोण बोलतं?"

"मग कसं बोलतात?"

"आजोबा," लॅडी माईकमध्ये म्हणाला, "यान उडवताय की पार्क केलंय?"

त्यानंतर टेरेलनं त्याला नुसते प्रसंग सांगितले. जोडीदाराचं सावज आधी तूच टिपलंस. लॅडी: "हे माझं झालं. तू दुसरं शोध, हात धुऊन ये." जोडीदार संकटात आहे. लॅडी: "मी नसतो तर तुझं काय झालं असतं, या विचारानं मला रडूच येतं." जोडीदारानं हुकूम दिला. लॅडी बराच वेळ विचार करून म्हणाला, "हे तू मला म्हणालास?" आणि लढाईत उतरताना म्हणायची एक आरोळी हवी होती, ती त्यानं मागितल्याबरोबर दिली: "टोप्या सांभाळा, नॉर्दर आला." आम्ही काचेच्या अलीकडे पोट धरून हसत होतो. त्याला आमचं हसू दिसत होतं आणि तो जास्तच पेटत होता.

खेळ चालला. आणि खेळापेक्षा नॉर्दर चालला. लोक त्याच्यावर दात-ओठ खायचे आणि प्रत्येक मोहिमेला त्यालाच सोबत न्यायचे. आम्ही त्याला घडवला होता तसाच तो वागायचा: हुकूम ऐकायचा नाही, तुमचं सावज पळवायचा, तुमच्या समोरून आडवा जायचा आणि वर तुम्हालाच बोलायचा.

लॅडीनं खेळ पाहिला नव्हता. घरात कॉम्प्युटर नव्हता, आणि स्वतःला पाहायला पडद्याची काय गरज, असं त्याचं म्हणणं होतं. पण बातमी कानावर आली तशी त्यानं विमानाच्या नाकावर लाल रंगात 'कॅप्टन नॉर्दर' लिहून घेतलं. कॅफेत डॉमिनोच्या टेबलावर तो आता कॅप्टनविषयी तिसऱ्या माणसाविषयी बोलावं तसा बोलू लागला. "कॅप्टनला अशी कॉफी चालत नाही." "कॅप्टन असता तर ही सोंगटी कधीच टाकली असती." गावानं दोन महिने हे सहन केलं.

मग हर्मननं मनावर घेतलं. हर्मनचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि मालाची नोंद ठेवायला म्हणून त्यानं कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर त्यानं 'काळी सरहद्द' चढवला, दोन मोठे स्पीकर जोडले आणि शनिवारी सकाळी, दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असताना, लॅडीला म्हणाला, "कॅप्टन, सगळे म्हणतात तुम्ही थोर. आम्हाला थोडं उडवून दाखवा."

"हे खेळणं?"

"जमणार नसेल तर राहू दे."

लॅडी बसला. मी तिथेच होते, फ्यूज घ्यायला आले होते, आणि खरं सांगायचं तर हर्मननं मला निरोपच धाडला होता. अर्लीन बिया ठेवलेल्या पिंपावर टेकून उभी होती. लॅडीनं यान वळवायची दांडी चाचपून पाहिली, ही कुणाच्या स्कूटरची म्हणून विचारलं, आणि निघाला. हर्मननं जोडीदार म्हणून त्याला कोण निवडून दिला असेल ते सांगायला नको.

स्पीकरमधून लॅडीचाच आवाज दुकानभर घुमला. "टोप्या सांभाळा, नॉर्दर आला."

लॅडीनं वळून सगळ्यांकडे पाहिलं. तेवढंच त्याचं सुख. समोर शत्रूचं यान आलं, त्यानं नेम धरला, आणि बाजूनं दुसरं यान सूं करून आडवं गेलं. स्फोट झाला.

"हे माझं झालं," नॉर्दर म्हणाला. "तू दुसरं शोध, हात धुऊन ये."

"अरे, मी धरला होता तो," लॅडी पडद्याला म्हणाला.

"आजोबा, यान उडवताय की पार्क केलंय?"

दुकानात कुणीतरी खोकल्यासारखं केलं. लॅडीच्या मानेवर लाली चढू लागली. त्यानं हर्मनला विचारलं, याला मागे राहायला कसं सांगायचं. हर्मननं बटण दाखवलं. लॅडीनं दाबलं.

"हे तू मला म्हणालास?" नॉर्दरनं विचारलं.

"हो, तुलाच म्हणालो. मागे हो. मागे हो, गाढवा, समोरून येतोस काय माझ्या." त्यानं दांडी ओढली, यान गरागरा फिरलं, कुठूनतरी गोळ्या आल्या आणि पडदा लाल झाला. मरता मरता त्याला स्वतःच्याच तोंडून ऐकावं लागलं, की मी नसतो तर तुझं काय झालं असतं या विचारानं मला रडूच येतं.

पुन्हा खेळला. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी त्यानं शत्रूला सोडून नॉर्दरवरच गोळ्या झाडल्या, त्या लागल्या नाहीत, आणि त्यावरही नॉर्दरकडे बोलायला काहीतरी होतं. तोवर दुकानातले लोक शेल्फांना धरून उभे होते. फादर चर्वेंका पंपाचा पट्टा घ्यायला आले होते, त्यांनी डोळे पुसायला चष्मा काढला. इतक्या वर्षांत त्यांना एवढं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

लॅडी उठला. हॅट घातली. "हा माणूस," तो पडद्याकडे बोट करून म्हणाला, "नीच आहे. याच्याबरोबर कुणी कसं राहू शकतं?"

सगळे अर्लीनकडे बघत होते. ती पिंपातल्या बिया बोटांनी चाळत म्हणाली, "सवय होते."

त्यानंतर गावात शांतता झाली आणि ती कुणालाच मानवली नाही. लॅडी डॉमिनो खेळायला यायचा, सोंगट्या टाकायचा, हरायचा आणि जायचा. तारांच्या वरून जाऊ लागला. हर्मन मला म्हणाला, "आपण जरा जास्तच केलं का गं?" मी म्हटलं, "आपण नाही, तुम्ही." शेवटी हर्मननंच तो कॉम्प्युटर उचलून लॅडीच्या घरी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि सांगितलं, मालाची नोंद काय, मी पाटीवर करीन.

स्वयंपाकघरात काय झालं ते अर्लीननं मला सांगितलं, आणि काही मी स्वतः पाहिलं. लॅडी रोज फवारणीहून आला की हात धुऊन त्या यंत्रासमोर बसे आणि स्वतःशी भांडे. तो ओरडायचा, आतून तोच ओरडायचा. शेजारच्या बाईंना वाटलं घरात पाहुणा राहायला आलाय, दोघांचे आवाज अगदी सख्ख्या भावांसारखे आहेत, आणि दोघांचं पटत नाही. लॅडीचे नॉर्दरला दहा वेळा हुकूम देऊन झाले. विनंती करून झाली. बटणांना विनंती कळत नाही असं मी सांगितलं, तर म्हणाला, "मग त्याला तरी काय बोल लावायचा."

एका संध्याकाळी मी गेले तर तो यंत्रासमोर बसलेला नव्हता. त्याच्या जागेवर अर्लीन बसली होती. चष्मा नाकावर, एका हातात दांडी, दुसऱ्या हाताशी कॉफी. लॅडी तिच्या मागे उभा होता, तोंड किंचित उघडं. पडद्यावर शत्रूचं एक अवाढव्य जहाज होतं. ते या खेळातलं सगळ्यात अवघड जहाज, आमच्या ऑफिसातसुद्धा ते पाडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अर्लीन त्याच्या जवळही गेली नाही. ती लांब थांबली आणि तिनं नॉर्दरला हुकूम दिला: घरी परत जा.

"हे तू मला म्हणालास?" नॉर्दर म्हणाला, आणि तिरीमिरीत थेट त्या जहाजावर तुटून पडला.

तिनं कॉफीचा घोट घेतला. पुन्हा तेच बटण दाबलं. नॉर्दर आणखी पेटला. थोड्या वेळानं जहाजाचे तुकडे झाले. तिनं एक गोळी झाडली नव्हती.

मी टेरेलला नंतर विचारलं, तर त्याला याचा पत्ताच नव्हता. नॉर्दर हुकूम मोडतो एवढंच आमच्या लोकांनी यंत्राला शिकवलं होतं. परत जा म्हटल्यावर तो समोरच्या सगळ्यात मोठ्या गोष्टीवर जाणार हे त्यातून आपोआप आलं होतं.

"अर्लीन," लॅडी हळूच म्हणाला, "हे तुला कसं सुचलं?"

"सुचायचं काय त्यात?"

"नाही, सांग ना."

"कुबालांचं शेत आठवतं? ते तारांचं जाळं असलेलं? तुला तिथे खालची पट्टी मारायचा कंटाळा यायचा. मी एकदा निशाण आडवं धरलं, म्हणजे ही राहू दे. तू तीच आधी मारलीस." तिनं पुढची मोहीम सुरू केली. "मग मला जी हवी असेल तिथे मी आडवं धरायला लागले."

लॅडी खुर्ची ओढून बसला. त्याच्या डोक्यात काहीतरी मागे मागे चाललं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "तू म्हणाली होतीस घराला निळा रंग नको."

"म्हणाले होते."

"मी भांडून निळा लावला."

"मला निळाच हवा होता, लॅडी."

"आणि कोलोरॅडोची ट्रिप?"

"मला डोंगर आवडतात."

मग त्यानं अगदी जपून विचारलं, "आणि मी? म्हणजे, तुझ्या बापाला तू सांगितलं होतंस की मला हा पोरगा नको. ते माझ्या कानावर आलं होतं. म्हणून तर मी..."

"जरा सरक," अर्लीन म्हणाली, "मला पडदा दिसत नाही."

मी माझी पर्स घेतली आणि निघाले. फाटकापर्यंत मला लॅडीचं हसू ऐकू येत होतं. आधी एकट्याचं, मग दोघांचं. दुसऱ्या दिवशी पिवळं विमान पुन्हा तारांखालून गेलं आणि हर्मननं दुकानाबाहेर येऊन हॅट हलवली.

पुढच्या वर्षी खेळाचा दुसरा भाग निघायचा होता. लॅडीला बोलावलं तर तो अटी घेऊन आला. अट एकच. "कॅप्टननं एकदा तरी जोडीदाराला बरं म्हटलं पाहिजे."

टेरेल घाबरला. "तो तसं काही म्हणत नाही म्हणूनच तर लोकांना..."

"पोरा, तू त्याच्याबरोबर एक महिना एका स्वयंपाकघरात राहिला आहेस का?"

टेरेल राहिला नव्हता. ठरलं असं, की जोडीदारानं मोहीम पूर्णच निर्दोष पार पाडली, एकही माणूस गमावला नाही, तर नॉर्दर म्हणणार: छान केलंस.

लॅडी माईकसमोर उभा राहिला. "छान केलंस," तो म्हणाला.

आम्ही काचेआडून एकमेकांकडे बघितलं. टेरेल बटण दाबून म्हणाला, "मिस्टर होलुबेक, हे टोमण्यासारखं वाटतंय."

"छान केलंस."

"आता धमकी दिल्यासारखं."

"छान. केलंस."

"आता कुणीतरी वारलं आहे असं वाटतंय."

तासभर हेच चाललं. जो माणूस गिधाडाशी वळणावळणाला गप्पा मारतो त्याच्या तोंडून दोन शब्द सरळ निघेनात. घाम आला. त्यानं शर्टाचं वरचं बटण सोडलं. टेरेलनं त्याला कल्पना करायला सांगितली, की कुणीतरी तुमचा जीव वाचवलाय. "माझा?" लॅडी म्हणाला. "कशाला?"

अर्लीन माझ्या शेजारी बसून विणत होती. मी तिच्याकडे माईक सरकवला. ती त्यात म्हणाली, "लॅडी, राहू दे. नाही जमणार तुला. घरी चल."

काचेपलीकडून लॅडीनं बोट उगारलं. "ते आता चालणार नाही, बाई. आता मला ठाऊक आहे." आणि स्वतःवर खूश होऊन हसला. मग हसू ओसरलं. तो तिच्याकडे बघत राहिला. ती पुन्हा विणायला लागली होती, टाके मोजत होती, तिचं लक्ष नव्हतं. त्यानं घसा साफ केला, काहीतरी म्हणायला गेला, थांबला, पुन्हा सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडली. शेवटी माईकपासून थोडा दूरच, खालच्या आवाजात म्हणाला, "बरं. दिसलं मला."

टेप चालू होती. मी टेरेलकडे पाहिलं, टेरेलनं मान हलवली. ते आम्ही तसंच ठेवलं, घसा साफ करण्यासकट.

दुसऱ्या भागातला तो तुकडा ऐकायला मिळावा म्हणून लोकांनी काय काय केलं ते मी वर्षानुवर्षं ऐकत आले. हर्मनला नवा कॉम्प्युटर घेऊनही तो कधीच मिळाला नाही, आणि तो आहेच हे तो मान्य करत नाही. अर्लीनला पहिल्याच आठवड्यात मिळाला. लॅडी तेव्हा अंगणात विमानाचं तेल बदलत होता. तिनं खिडकी उघडून त्याला सांगितलं, "अरे, तुला दिसलं म्हणे." त्यानं मान वर केली नाही. पण त्या संध्याकाळी भांडी त्यानं घासली, असं ती म्हणाली, आणि दोन बशा फोडल्या.

तिसरा भाग निघाला नाही. कंपनी विकली गेली, टेरेल शाळेत शिकवायला गेला आणि ऐकते ते खरं असेल तर पोरं त्याला टरकून असतात. काही वर्षांनी विमानांत उपग्रहावरून पट्टी दाखवणारी यंत्रं आली, निशाण धरणारं कुणी लागेनासं झालं. अर्लीनशिवाय उडण्यात मजा नाही असं लॅडी म्हणाला नाही. तो म्हणाला की यंत्र बावळट आहे. आणि विमान विकायला काढलं.

घेणारा लांबच्या लबक शहरातला होता. लॅडी विमान स्वतः उडवत तिकडे पोचवून आला आणि येताना बसनं निघाला. पुढच्या सीटवर बसून त्यानं ड्रायव्हरला वळणं कशी घ्यावीत हे सांगायला सुरुवात केली. वाटेतल्या ॲबिलीनपर्यंत ड्रायव्हरनं ऐकून घेतलं. तिशीतला, जाडजूड, शांत माणूस. ॲबिलीनला कॉफीला थांबल्यावर तो म्हणाला, "तुमचा आवाज मी कुठेतरी ऐकलाय."

लॅडी याच वाक्याची सकाळपासून वाट बघत होता. त्यानं सांगितलं.

ड्रायव्हरनं कप खाली ठेवला. "तुम्ही माझी सगळी सावजं पळवलीत. कॉलेजची दोन वर्षं. सगळी."

"तू संथ असशील."

"मी शेवटी शेवटी काय करायचो सांगू? मोहीम सुरू झाली रे झाली की पहिल्या मिनिटाला तुमच्याच पाठीत गोळ्या घालायचो. मुद्दाम."

"लागायच्या?"

"बहुतेक वेळा."

लॅडीनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. हे त्याला स्वतःला स्वयंपाकघरात एकदाही जमलं नव्हतं. "मग चांगला उडवतोस तू," तो म्हणाला. शब्द सरळ निघाले, आणि निघाल्याचं त्याच्या लक्षात यायच्या आत ड्रायव्हर बिल द्यायला उठून गेला होता.

ऑस्टिनच्या बसस्टँडवर अर्लीन गाडी घेऊन उभी होती. त्यानं तिला हे सगळं सांगितलं, थोडं वाढवून, आणि मग गाडीच्या चाव्या मागितल्या. ती म्हणाली, तू थकला असशील, मी चालवते. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. खरंच तसं म्हणतेय, की तिला आत्ता गाडी चालवायची नाहीये, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.